पदं नको म्हटलं, आता प्रत्येक निर्णय माझ्याच दारात येतो

पिंपळगावकरीण

नमस्कार. पिंपळगाव बसवंतला आमची छोटी कंपनी आहे. द्राक्षबागेत बसवायचं हवामान यंत्र बनवतो. पान किती तास ओलं राहिलं, आर्द्रता किती, यावरून डावणीचा (द्राक्षावरच्या बुरशीरोगाचा) धोका शेतकऱ्याच्या मोबाइलवर कळतो. तीन वर्षं झाली, आज आम्ही १७ जण आहोत.

मी आधी सहा वर्षं एका मोठ्या कारखान्यात होते. तिथे साधा सेन्सर बदलायला चार सह्या लागायच्या आणि सह्या होईपर्यंत लाइन बंद. म्हणून आपल्याकडे कुणी साहेब नको, हे पहिल्याच दिवशी ठरवलं. कुणाच्या नावापुढे हुद्दा नाही, हिशेब सगळ्यांना उघडा. सात जण होतो तोवर हे फार छान चाललं.

यंदा ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लांबला आणि नेमकं तेव्हाच साठेक यंत्रांच्या डब्यांत पाणी शिरायला लागलं. डबे बनवणाऱ्याला धरायला हवं होतं. जोडणीवाल्यांना वाटलं खरेदीवाले फोन करतील, खरेदीवाल्यांना वाटलं डिझाइनवाले करतील. अकरा दिवस गेले. त्या दिवसांत एका काकांच्या मोबाइलवर 'धोका नाही' असंच येत राहिलं आणि बागेत डावणी घडांपर्यंत पोचली. मी त्यांच्या बांधावर जाऊन उभी राहिले. ते रागावलेसुद्धा नाहीत. ते मला जास्त लागलं.

पुढच्या महिन्यात आमचा एक चांगला मुलगा सोडून गेला. जाताना म्हणाला, "ताई, माझं बरोबर चाललंय की चुकतंय, हे सांगणारंच इथे कुणी नाही."

अमेरिकेतल्या झॅपोस या ऑनलाइन बूट विकणाऱ्या कंपनीनं २०१३ साली मॅनेजर काढून टाकायचं ठरवलं. २०१५ मध्ये 'पटत नसेल तर भरपाई घेऊन जा' म्हटल्यावर सुमारे १८ टक्के लोक निघून गेले. हे वाचल्यापासून धास्तावले आहे. मॅनेजर नेमायचेच का? मला ते मनापासून नको आहे. कुणी वेगळ्या पद्धतीनं चालवलेलं जवळून पाहिलं असेल तर सांगा.

खेडचा बाळू

ताई, माझ्या वडिलांनी अंधेरीला ३१ वर्षं डबे वाहिले. डबेवाल्यांचं काम १८९० पासून चालू आहे, पण वडील कुणाचे नोकर कधीच नव्हते. वीसेक जणांचा गट, महिन्याची कमाई गटात सारखी वाटायची. तरीही गटाला मुकादम असायचा! हे लोकांच्या लक्षात येत नाही. वाटा सारखा म्हणजे मुकादम नाही, असं नसतं.

मुकादम काय करायचा? फलाटावर डबे लावून घ्यायचा, भांडण मिटवायचा, गिऱ्हाइकाशी बोलायचा आणि कुणी आलं नाही तर त्याची लाइन, म्हणजे डबे पोचवायचा ठरलेला रस्ता, स्वतः धरायचा. गटातलाच, अनुभवानं मोठा माणूस. त्याला वेगळी केबिन नव्हती, वेगळा पगार नव्हता. पण 'हे मुकादमाचं काम' आणि 'हे ज्याच्या लाइनचं काम' याची रेघ पक्की. कुणाचा डबा कुणी उचलायचा, यावर वडिलांच्या गटात कधी बैठक झाल्याचं मला आठवत नाही. झाकणावरची खूण बघितली की कळायचं.

तुमच्या त्या पाणी शिरलेल्या डब्यांवर अशी कुणाचीच खूण नव्हती. मला एवढंच दिसतं.

उत्रेख्तची परिचारिका

मी नेदरलँड्समध्ये घरोघरी जाऊन रुग्णसेवा करते. इथे ब्यूर्टझोर्ग नावाची संस्था आहे. योस द ब्लोक या परिचारकानं २००६ साली सुरू केली, आज तिथे हजारो परिचारिका आहेत. माझी संस्था दुसरी आहे, पण आम्ही त्यांचीच रीत उचलली.

एका गटात जास्तीत जास्त १२ जणी. त्याहून वाढल्या की गट फोडायचा. रुग्ण घेणं, पाळ्या लावणं, नवी माणसं निवडणं, सगळं गटाकडे. वर मॅनेजर नाही. प्रशिक्षक असते, पण तिला हुकूम देता येत नाही, अडल्यावर बोलवायची. मात्र कामं नावानिशी वाटलेली असतात. सध्या पाळ्यांचं वेळापत्रक माझ्याकडे आहे, वर्षभरानं दुसरीकडे जाईल. आणि ठराव मंजूर व्हायला सगळ्यांना तो आवडावा लागत नाही. 'यानं नुकसान होईल' असा ठोस आक्षेप कुणाचा नसला की झालं. हा फरक छोटा वाटतो, पण आमच्या बैठका यामुळेच तासाभरात उरकतात.

तुम्ही १७ आहात. मी असते तर आधी दोन गट केले असते.

कोल्हापूरचा सीए

कायद्याच्या बाजूचं थोडकं. हुद्दे ठेवा किंवा नका ठेवू, प्रायव्हेट लिमिटेडला किमान दोन संचालक लागतात आणि जबाबदारीची विचारणा त्यांनाच होते. दहा किंवा जास्त माणसं असली की लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार अंतर्गत समिती हवी आणि तिची अध्यक्ष वरिष्ठ पातळीवरची स्त्री हवी. सगळे समान म्हणणाऱ्या कंपन्या हे हमखास विसरतात. समिती केली आहे का? नसेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी ती करा. विसावा माणूस आला की पीएफही लागेल.

पिंपळगावकरीण

समिती नाही. या आठवड्यात करते, धन्यवाद.

बाळूदादा, तुमचं वाचून मी ऑफिसात जाऊन फळ्यावर लिहायला बसले. 'माल परत मागवायचा की नाही', 'शेतकऱ्याला पैसे परत', 'सुट्टी', 'नवा पुरवठादार' असे २३ निर्णय निघाले. त्यातल्या १९ पुढे प्रत्येकानं मनात माझंच नाव धरलं होतं आणि मला ते माहीतच नव्हतं. म्हणजे साहेब नव्हता असं नाही, मीच होते. आता १४ निर्णय नावानिशी वाटले. यंत्रं थांबवायचा अधिकार जोडणीतल्या मुलीला दिलाय. तिनं थांबवलं की मीही चालू करू शकत नाही.

परिचारिकाताई, पगार तुमच्याकडे गट ठरवतो का? आणि एखादी नीट काम करत नसेल तर सांगतं कोण?

उत्रेख्तची परिचारिका

पगार गट ठरवत नाही. इथे कामगार संघटना आणि मालकांचा देशभराचा करार असतो, श्रेणी त्यातच ठरलेल्या. त्यामुळे आमच्यातलं सगळ्यात मोठं भांडण आधीच टळतं. तुमच्याकडे ते छत्र नाही. वर्षं आणि कौशल्य यांवरून श्रेणी स्वतः आखा आणि हिशेबासारखीच उघडी ठेवा.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं नाही. मागच्या वर्षी आमची एक मैत्रीण जखमांच्या नोंदी वेळेवर लिहीत नव्हती. चार महिने आम्ही सगळ्या गोड बोलत राहिलो आणि तिच्या माघारी तिच्या नोंदी पूर्ण करत राहिलो. शेवटी प्रशिक्षकेला बोलावलं. तिनं एकच विचारलं, "हे तिच्या तोंडावर कुणी बोललंय का?" कुणीच नव्हतं. त्या दिवशी मी बोलले. तिची आई आजारी होती, रात्री झोप नव्हती. पाळ्या माझ्याच हातात होत्या, मी तिला सकाळच्या पाळीतून काढलं. तेव्हापासून दर सहा आठवड्यांनी आम्ही जोडीजोडीनं बसतो आणि एकमेकींचं काम कसं चाललंय ते सांगतो. तुमच्या त्या मुलाला बहुतेक असंच कुणी हवं होतं.