रॉड आभाळात की पाण्यालगत? ट्रायपॉडवाल्यांना उत्तर

काठावरचा:
काल ट्रेंटकरांनी फर्मान काढलं की बार्बल माशासाठी गळाचा रॉड ट्रायपॉडवर उभाच हवा, टिप म्हणजे रॉडचं टोक आभाळात, मासा ओढला की वाजणारा अलार्म लावायचा आणि खुर्चीत बसायचं, हातात रॉड धरून बसणं ही म्हाताऱ्यांची हौस. अहो, इंग्लंडातल्या सगळ्या नद्या म्हणजे ट्रेंट नाही. केनेट, टीम या नद्यांवर मासा पार काठाजवळ झाडाखाली असतो, तिथे बारा फुटी रॉड उभा केलात तर टिप फांदीत अडकणार आणि लाईन तिरकी घुसून नेमकी माशांमधून जाणार. अंगाला लाईन घासली की बार्बल बिथरतो. मी टिप पाण्यापासून वीतभर वर ठेवतो, लाईन बोटावर. मासा आमिष चाचपतोय तेसुद्धा कळतं, अलार्मला ते जन्मात कळणार नाही.

ट्रेंटकर:
छान. आता तेच बोट घेऊन ऑक्टोबरात पाणी चढलेलं असताना ट्रेंटवर या. पानं, गवत, काटक्या वाहत असतात, जितकी लाईन पाण्यात तितका कचरा तिच्यावर, मग लेड, म्हणजे लाईन तळाशी धरणारं शिशाचं वजन, सरकतं आणि थोड्या वेळात सगळं काठाला येऊन पडतं. टिप उंच असली की बरीच लाईन पाण्याबाहेर राहते. यात हौस कसली? आणि काठाला दगड रचलेत तिथे रॉड टेकवायची बँकस्टिक कशात रोवू, कपाळात?

धारेवर:
दोघंही अर्धंच सांगताय. लेड टिकत नाही म्हणून लोक चार औंसाचं टाकतात आणि वर लाईन कचकचून ताणतात. उलट करा ना. लेड तळाला लागलं की थोडी लाईन सोडा, प्रवाहात तिला बाक पडू द्या. मग ओढ लेडला वर उचलत नाही, तळालगत येते आणि कमी वजनात काम भागतं. मासा उचलतो तेव्हा लेड सुटतं आणि टिप एकदम सरळ होते. ती वाकायची वाट बघणारे बसतात बघतच.

ट्रेंटकर:
बाक टिप उंच ठेवूनही पाडता येतो, धन्यवाद.

सेव्हर्नवेडा:
ते राहू द्या, मला त्या अलार्मबद्दल बोलायचंय. माझ्या शेजारी एकजण तंबू ठोकून झोपलेला, अलार्म केकाटतोय, रीलमधून लाईन सुटतेय आणि साहेब बूट शोधतायत!! तोवर मासा मुळांत. पाण्यातला रॉड ताब्याबाहेर सोडायचा नाही असं एन्व्हायर्नमेंट एजन्सी या तिथल्या सरकारी संस्थेच्या नियमात सरळ लिहिलंय, दोन रॉड असतील तर त्यांच्या बुडख्यांमध्ये 3 मीटरपेक्षा जास्त अंतर नको हेही लिहिलंय, पण वाचतो कोण. बरं, मासा निघाला कसाबसा, तर गवतावर आडवा, वजन, फोटो, मित्राबरोबर फोटो, आणि दिला ढकलून. पोट वर करून वाहत गेला माझ्यासमोरून. उन्हाळ्यात कोमट पाण्यात ऑक्सिजन कमी असतो, त्यात बार्बल शेवटच्या दमापर्यंत झुंजतो. त्याला जाळ्यातच तोंड प्रवाहाकडे करून धरायचं, स्वतःहून जोर मारेपर्यंत. कितीही वेळ लागो.

काठावरचा:
हेच ते. खुर्ची आणि ट्रायपॉड आले की हे असलं सगळं मागोमाग येतं.

ट्रेंटकर:
ट्रायपॉडचा काय संबंध?? मी झोपत नाही, रॉड हाताशी असतो, गळ जाळ्यातच काढतो. आणि बोलायचंच असेल तर हलक्या लाईनवर अर्धा तास मासा खेळवून त्याचा जीव काढणारे कोण असतात? तेच, बोटावर लाईनवाले कलाकार.

सेव्हर्नवेडा:
हे मात्र खरं आहे, नाईलाजाने म्हणतो. बारीक लाईनचं कौतुक मलाही कळत नाही. पण म्हणून तंबूवाले सुटले असं नाही.

काठावरचा:
माझी लाईन बारा पौंडी आहे, म्हणजे तेवढा ताण सोसणारी, न विचारता ठोकून देऊ नका. आणि सेव्हर्नवेडा, तुमच्या सेव्हर्न नदीत बार्बल 1956 साली आमच्या केनेटमधूनच नेऊन सोडलेत, तेव्हा काळजी आम्हालाही आहे.

नवखा:
भांडण झालं असेल तर एक विचारू? माझा ट्रायपॉड वाऱ्यात पडतो. आणि परवा बार्बलने रॉड जवळजवळ ओढूनच नेला.

ट्रेंटकर:
मधल्या हुकला दगड भरलेली पिशवी लटकव. एक पाय नदीकडे पुढे, मागचे दोन पसरून. रॉड टेकतो ते पुढचं रेस्ट रुंद घे, अरुंद व्ही आकारात लाईन चिमटते. मागे बुडखा खोल बसेल असा कप हवा. आणि बेटरनर, म्हणजे मासा ओढेल तशी लाईन सोडणारी रीलची सोय, चालू ठेव किंवा क्लच, म्हणजे रीलचा ब्रेक, ढिला, रॉड जातो तो घट्ट क्लचमुळे.

धारेवर:
आणि लाईन तळाशी दाबणारं जादा वजन, बॅकलेड, लावू नकोस कोणी सांगितलं तरी, धारेत तो गवत गोळा करत बसतो.

काठावरचा:
बरं, दगडी काठावर ट्रायपॉड मान्य. लिहून ठेवा, परत म्हणणार नाही. टीमवर आणलात तर मात्र मीच पाण्यात टाकेन.

ट्रेंटकर:
टीमवर येतो कोण, तिथे बसायला जागा कुठाय.