मदत हवी आहे: सारख्या दिसणाऱ्या इंग्रजी शब्दमुळांत फरक कसा ओळखावा?

गेले तीन महिने मी शब्दमुळांच्या आधारे इंग्रजी शब्दसंग्रह वाढवत आहे. वहीच्या प्रत्येक पानावर एक मूळ, त्याखाली त्यापासून झालेले शब्द, शब्दकोशातील व्याख्या आणि स्वतः रचलेले एक वाक्य, अशी पद्धत ठेवली आहे. 'वाहून नेणे' या अर्थाच्या 'पोर्ट'पासून ट्रान्सपोर्ट, एक्स्पोर्ट, पोर्टेबल हे शब्द सहज उलगडले.

अडचण आली ती 'पेड'च्या पानावर. 'पेडेस्ट्रियन'मधले मूळ लॅटिन असून त्याचा अर्थ पाय (आपल्या 'पद'शी त्याचे नाते आहे, हे कळल्यावर फार आनंद झाला), पण 'पीडियाट्रिशियन'मधले मूळ ग्रीक असून त्याचा अर्थ मूल. तसेच 'होमिसाइड'मध्ये (मनुष्यवध) 'होमो'चा अर्थ लॅटिन 'माणूस', तर 'होमोजिनियस'मध्ये (एकजिनसी) ग्रीक 'समान'. शिवाय 'कँडिडेट'चे मूळ 'पांढरा' असल्याने, निवडणुकीला उभे राहताना शुभ्र टोगा (अंगाभोवती गुंडाळायचे वस्त्र) नेसणाऱ्या रोमन उमेदवारांची प्रथा माहीत नसेल, तर निव्वळ मुळावरून आजचा अर्थ लागतच नाही.

व्युत्पत्ती देणारा शब्दकोश माझ्याकडे आहे आणि तो मी पाहतोही. परंतु वाचनाच्या ओघात अनोळखी शब्द आला की तो दर वेळी उघडता येत नाही. लॅटिन किंवा ग्रीक स्वतंत्रपणे शिकण्याइतका वेळ नाही. रोज अर्धा तास मिळतो.

शब्दाच्या स्पेलिंगवरून किंवा त्याला जोडलेल्या उपसर्ग-प्रत्ययांवरून मूळ लॅटिन की ग्रीक हे ओळखण्याच्या भरवशाच्या खुणा कोणत्या, आणि नवा शब्द शिकताना आधी व्याख्या पक्की करावी की मूळ?