टेबलच्या बॉर्डरला ‘धुरा’ म्हणावे का?

प्रश्न
यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात आठवी-नववीच्या लेकरांना वेबपान करायला शिकवते. सीएसएसमध्ये (वेबपानाचं रूप ठरवणारी भाषा) कापूस वेचणीच्या मजुरीचा तक्ता, म्हणजे टेबल घेतला: नाव, किलो, दर, रक्कम. प्रत्येक घराला एक पिक्सेलची काळी बॉर्डर दिली, तर पडद्यावर दोन-दोन रेघा आणि मधे पांढरी फट. एक मुलगी म्हणाली, “मॅडम, दोघायचे धुरे वेगवेगळे कायले?” तेव्हापासून वर्गात धुराच रुळला. आता टिपणं लिहायची आहेत. सगळीकडे ‘धुरा’ लिहू, की ‘बांध’?

उत्तर
बांध नकोच. आपल्याकडे बांध म्हटला की पाणी अडवणं आठवतं, आणि भंडारा-गोंदियाकडे ‘बांधी’ म्हणजे खुद्द धानाचं शेत. तिथलं लेकरू बॉर्डरऐवजी घरच समजेल. धुरा दोन शेतांमधली हद्द सांगतो, तेच इथे हवं.

पण सगळीकडे नको. परिच्छेदाला किंवा फोटोला शेजारी नसतो, तिथे ‘किनार’ लिहा. धुरा टेबलपुरता ठेवा.

मधल्या फटीलाही शब्द आहे: पांधण, म्हणजे शेतांमधली वाट. धुरे वेगळे की सामाईक हे ठरवणाऱ्या बॉर्डर-कोलॅप्सची मूळ किंमत ‘सेपरेट’. त्यात प्रत्येक घराचा धुरा आपापला, आणि ब्राउझर स्वतःहून दोन पिक्सेलची पांधण सोडतो. ती बॉर्डर-स्पेसिंगने कमीजास्त होते. टेबलला ‘कोलॅप्स’ दिलं की धुरा सामाईक होतो, पांधण मोडते, मग बॉर्डर-स्पेसिंग कितीही लिहा, फरक पडत नाही. 1998 च्या सीएसएस 2 मध्ये मूळ किंमत ‘कोलॅप्स’ होती, सीएसएस 2.1 मध्ये ती ‘सेपरेट’ झाली.

आणखी एक उत्तर
सामाईक धुरा झाला की वाद आलाच. एका घराने तीन पिक्सेल मागितले, शेजारच्याने एक, तर जाड धुरा राहतो. जाडी सारखी असेल तर रेघेचा प्रकार ठरवतो: आधी डबल, मग सॉलिड, डॅश्ड, डॉटेड.

टिपणांत ‘नन’ आणि ‘हिडन’ या बॉर्डरच्या दोन्ही प्रकारांपुढे ‘बॉर्डर नाही’ असं कृपा करून लिहू नका. कोलॅप्समध्ये दोन्ही अगदी उलट वागतात. ‘नन’ म्हणजे मी धुरा टाकत नाही, शेजाऱ्याने टाकला तर राहू द्या. तो सगळ्यांत दुबळा. ‘हिडन’ म्हणजे इथे कोणाचाच धुरा नको. शेजारी दहा पिक्सेल मागत असला तरी मिळत नाहीत. पहिल्याला ‘धुरा टाकला नाही’, दुसऱ्याला ‘धुरा मोडला’ लिहा. गावातल्या लेकराला हा फरक समजावून सांगावा लागणार नाही.

विचारणारी
‘टाकला नाही’ आणि ‘मोडला’ दोन्ही घेते. लिंगाची शंका होती, तीही फिटली: नेतृत्वाची ती धुरा, शेताचा तो धुरा. म्हणजे ‘एक पिक्सेलचा काळा धुरा’, ‘धुऱ्याची जाडी’. एकच राहिलं, आख्ख्या ओळीला धुरा दिला तर तो दिसतच नाही.

उत्तर
सेपरेटमध्ये ओळीला धुरा मिळतच नाही, फक्त घरांना आणि टेबलला मिळतो. कोलॅप्स करा, दिसेल.