क्षमा आधी की भरपाई आधी? देवाकडे परतताना खाल्लेल्या पैशांचं काय करायचं

उंबराचं झाड
समजा, एका संस्थेच्या हिशेबनिसाने ६०,००० रुपये खाल्ले. आता तो गुडघे टेकतो, रडतो, देवाची क्षमा मागतो. पैसे मात्र त्याच्याच खात्यात आहेत. माझं मत: हा माणूस अजून परतलेला नाही. जुन्या करारात पश्चात्तापासाठी येणारं हिब्रू क्रियापद 'शूब', आणि त्याचा मूळ अर्थ मागे वळणं. नुसतं वाईट वाटणं म्हणजे वळणं नव्हे. जुन्या करारातल्या लेवीय पुस्तकाच्या ६व्या अध्यायात हिशेबच दिलाय: मुद्दल अधिक पाचवा हिस्सा धन्याच्या हातात, आणि मग दोषार्पणाचा, म्हणजे अपराधासाठी वाहायचा, मेंढा. म्हणजे याने ७२,००० द्यायचे आणि मग वेदीकडे जायचं. मत्तय ५:२३-२४ मध्ये येशूही अर्पण वेदीपुढे ठेवून आधी भावाशी समेट करायला पाठवतो. आपण प्रवचनात अश्रूंवर थांबतो आणि हा टप्पा गाळतो, हे मला फार खुपतं.

केवळ कृपा
तुम्ही क्रम उलटा लावताय. लूक १५ मधल्या येशूच्या दाखल्यातला, बापाची मालमत्ता उडवून परतणारा उधळ्या पुत्र बोलणं ठरवून येतो: मी पाप केलं, मी मुलगा म्हणवायच्या लायकीचा नाही, मला मोलकऱ्यांत ठेवा. घरी आल्यावर त्यातली पहिली दोनच वाक्यं होतात. मोलकरी होऊन राहण्याचं तिसरं वाक्य यायच्या आत बाप झगा, अंगठी आणि जोडे मागवतो. उडवलेल्या मालमत्तेचा हिशेब विचारत नाही. लूक १९ मधल्या जक्कया या जकातदारालाही येशू आधी म्हणतो, आज तुझ्या घरी उतरायचंय. चौपट परत करण्याची भाषा त्यानंतरची. आणि येशूशेजारी वधस्तंभावर मरताना क्षमा मिळालेल्या चोराने काय परत केलं? भरपाई हे क्षमेचं फळ आहे, तिकीट नाही. तिला अट केलीत तर ज्याच्याकडे द्यायला काही उरलं नाही, तो वर्षानुवर्षं दाराबाहेर लपून बसेल.

उंबराचं झाड
चोराचे हात खिळलेले होते. हिशेबनिसाचे मोकळे आहेत. जक्कयाच्या गोष्टीत 'आज या घराला तारण झालं' हे वाक्य नवव्या वचनात आहे, चौपटीचं आठव्यात. आणि उधळ्या पुत्राने बापाचंच उडवलं होतं, म्हणून बापाला ते सोडून देता आलं. इथे पैसा तिसऱ्याचा आहे. देव क्षमाशील आहे म्हणून संस्थेचं येणं परस्पर माफ होत नाही.

केवळ कृपा
मग स्तोत्र ५१? आपला सैनिक उरीया याचा जीव घेतलेला राजा दावीद त्यात देवाला म्हणतो, तुझ्याविरुद्ध, तुझ्याचविरुद्ध मी पाप केलं.

उंबराचं झाड
त्याच दाविदाने, नाथान संदेष्ट्याने सांगितलेली गरिबाची मेंढी हिरावणाऱ्या श्रीमंताची गोष्ट ऐकून, निकाल दिला होता: चौपट भरून दे. २ शमुवेल १२:६. निर्गम २२ मधल्या नियमात चोरलेल्या मेंढीच्या भरपाईचा दर तोच आहे. उरीया मेला होता, त्याला परत काय देणार?

वेदीची पायरी
कॅथलिक रीत इथे दोघांच्या मधून जाते. पापनिवेदनात (गोव्यात कुमसार) क्रम असा: अंतःकरणाची तपासणी, अनुताप, पुन्हा न करण्याचा निश्चय, गंभीर पापांचा प्रकार आणि संख्या सांगणं, पापक्षमा, प्रायश्चित्त. पैसे आधी भरावे लागत नाहीत, पण भरण्याचा खरा इरादा असावाच लागतो. 'क्षमा द्या, पैसे ठेवतो' असं मनात असेल तर अनुतापच नाही, आणि त्यावर दिलेली क्षमा पोकळ ठरते.

गडबड पुढे होते. धनी माहीत असताना लोक ती रक्कम चर्चच्या दानपेटीत टाकतात. ही भरपाई नव्हे. दुसऱ्याच्या पैशाने केलेलं दान आहे. पैसे धन्याला द्यायचे, तो वारला असेल तर वारसांना, आणि कोणीच सापडत नसेल तरच गरिबांना. एकरकमी जमत नसेल तर हप्ते. घरची चूल विझणार असेल तर मुदत वाढते, देणं बुडत नाही. स्वतःचं नाव उघड करण्याची सक्ती नाही. धर्मगुरूंच्या हाती पाकीट पोहोचवता येतं, आणि पापनिवेदनातलं ते कोणालाही सांगू शकत नाहीत.

तिसरी घंटा
हे मौनच मला पटत नाही. पैशांचं ठीक. पण मारहाण, लहान मुलांवरचे अत्याचार? २०१९ मध्ये व्हॅटिकनच्या प्रायश्चित्त न्यायालयाने (पापक्षमेचे प्रश्न पाहणाऱ्या विभागाने) स्पष्ट केलं की पोलिसांत हजर होण्याची अट घालून पापक्षमा अडवता येणार नाही. मग पीडिताची भरपाई कोण करणार?

वेदीची पायरी
मनाई अट घालण्याला आहे. स्वतःहून हजर हो असं कळकळीने सांगण्याला नाही. आणि त्याच निवेदनात दुसरी बाजूही आहे: पापनिवेदनाला आलेला माणूस स्वतः पीडित असेल तर त्याचे हक्क, आणि चर्चमध्ये व न्यायालयात दाद कशी मागायची, हे धर्मगुरूने समजावून सांगायचं.

तिसरी घंटा
'कळकळीने सांगणं' गुन्हेगाराच्या मर्जीवर सोडलंत. पीडित स्वतः पापनिवेदनाला आलाच नाही तर? याला माझा विरोध कायम.

केवळ कृपा
मुळात फक्त धर्मगुरूच का? याकोब ५:१६ एकमेकांजवळ कबुली द्यायला सांगतो. अर्थात लुथरपंथीयांच्या १५३० च्या ऑग्सबर्ग श्रद्धाजाहीरनाम्याने खाजगी पापक्षमा ठेवली होती, हे आम्ही प्रोटेस्टंट सोयीस्कर विसरतो. इराद्याचा मुद्दाही मान्य: फळ येणारच नसेल तर झाड जिवंत नाही. पण एक सांगा, पैशाऐवजी कोणाचं नाव घालवलं असेल तर? ते कुठून परत आणणार?

वेदीची पायरी
आधी दोन प्रकार वेगळे करा. खोटं पसरवलं असेल तर ज्यांना सांगितलं त्यांच्याकडेच जाऊन 'मी खोटं बोललो' म्हणायचं. गटात लिहिलं असेल तर त्याच गटात. दोष खरा होता पण उगाच उघडा पाडला असेल, तर 'ते खोटं होतं' म्हणता येत नाही, ते नवं पाप होईल. तिथे त्या माणसाचं जे खरंच चांगलं आहे ते त्याच लोकांपुढे बोलायचं, आणि बदनामीमुळे त्याचं काम गेलं असेल तर त्या नुकसानीचाही विचार करायचा. ऐकणाऱ्यांनी ते आणखी कुणाकुणाला सांगितलं, हे त्यांनाच विचारावं लागतं. बहुतेक जण इथेच थांबतात.