दोन न्यूट्रॉन, एकच कक्षा: जे = १, ३, ५ कुठे गेले?

भाट्ये, रत्नागिरी (एमएस्सी भाग २)
ऑक्सिजन-१८ मध्ये ऑक्सिजन-१६ च्या भरलेल्या गाभ्याबाहेर दोन न्यूट्रॉन डी-५/२ कक्षेत (प्रत्येकाचा कोनीय संवेग ५/२) धरतात. ५/२ आणि ५/२ जोडले की एकूण कोनीय संवेग जे ० ते ५ येतो. पुस्तकात मात्र फक्त ०, २, ४. पाउलीच्या नियमाने (एका अवस्थेत दोन न्यूट्रॉन बसत नाहीत) बाकीचे गेले म्हणतात, पण कागदावर ते दाखवायचं कसं?

देवबाग, मालवण
संवेग जोडण्याचे क्लेब्श-गॉर्डन गुणक तूर्त बाजूला ठेव आणि नुसतं मोज. एम (संवेगाचा एका अक्षावरचा घटक) च्या सहा जागा: ५/२, ३/२, १/२ आणि त्यांच्या उणे. दोन्ही न्यूट्रॉन एका जागी बसणार नाहीत, म्हणून जोड्या १५. बेरजेचा एम सर्वांत मोठा ५/२ + ३/२ = ४, म्हणजे जे = ५ तिथेच बाद. आता एम = ४, ३, २, १, ० साठी जोड्या मोज: १, १, २, २, ३. जे = ४ प्रत्येकातून एक नेतो; उरले ०, ०, १, १, २. मग जे = २, आणि शेवटी जे = ०. ताळा (प्रत्येक जे च्या २जे + १ अवस्था): ९ + ५ + १ = १५.

चूक हमखास एकाच ठिकाणी होते: (५/२, ३/२) आणि (३/२, ५/२) वेगळे मोजले जातात. आढीतले दोन हापूस कितीही सारखे असोत, एकावर खूण करता येते, न्यूट्रॉनवर नाही. ती जोडी एकच.

आक्षी, अलिबाग
बीजगणितातून हवं असेल तर: अदलाबदलीत जोडलेल्या अवस्थेला (−१) चा घातांक ५ − जे एवढा गुणक लागतो. जे सम असेल तरच चिन्ह उणे, म्हणजे प्रतिसममित, आणि दोन न्यूट्रॉनांना तेच हवं. मोजलेल्या ऊर्जा-पातळ्याही (एमईव्ही हे ऊर्जेचं एकक) तशाच आहेत: पायाभूत ०, मग २ (१.९८ एमईव्ही), ४ (३.५५ एमईव्ही). फक्त एस-१/२ या दुसऱ्या कक्षेची सरमिसळ असते, शुद्ध डी-५/२ समजू नकोस.

भाट्ये, रत्नागिरी
ताई, मग फ्लोरिन-१८ मध्ये? तिथे एक प्रोटॉन, एक न्यूट्रॉन.

आक्षी, अलिबाग
तिथे ६ × ६ = ३६ अवस्था, आणि जे ० ते ५ सगळे. आयसोस्पिन (प्रोटॉन-न्यूट्रॉनला एकाच कणाची दोन रूपं मानणारी संख्या) धरला की हिशेब लागतो: आयसोस्पिन १ च्या त्याच १५, आणि आयसोस्पिन ० च्या २१ (जे = १, ३, ५: ३ + ७ + ११). तुझे हरवलेले तिघं तिथे आहेत; फ्लोरिन-१८ ची पायाभूत पातळीच जे = १ आहे.
ड्यूटेरॉनलाही (एक प्रोटॉन, एक न्यूट्रॉन) हेच लावून बघ: आयसोस्पिन ०, स्पिन १, बंधऊर्जा २.२२ एमईव्ही. दोन न्यूट्रॉनांचा आयसोस्पिन १ च असतो, त्यामुळे कक्षीय संवेग ० असताना स्पिनला ० व्हावंच लागतं, आणि त्या स्थितीतलं आकर्षण बांधून ठेवायला थोडक्यात कमी पडतं.