सामोअन भाषा सप्ताह: फलक आणि गोळ्यांच्या माळा

प्रश्न: ऑकलंडच्या शाळेत पालकांकडे फलक आणि ऊला लोले, म्हणजे गोळ्यांच्या माळा, हे काम आलंय. काय सांभाळावं?

उत्तर १: ‘पॅसिफिका’ हा पॅसिफिक बेटांवरच्या सगळ्या लोकांसाठीचा शब्द, ती एक भाषा नव्हे. सामोअन ‘तालोफा लावा’, टोंगन ‘मालो ए लेलेई’, फिजियन ‘बुला विनाका’ ही अभिवादनं वेगवेगळी लिहा. सामोअन ‘जी’ अक्षर म्हणजे आपला ङ, म्हणून अमेरिकन सामोआची राजधानी पागो पागो नाही, पाङो पाङो! आपल्या मुलांना हा उच्चार छान जमतो.

उत्तर २: सामोअन लिखाणातला उलटा स्वल्पविराम (ʻ) अजिबात गाळू नका. तो घशातला क्षणभराचा अटकाव आहे. ‘फाइ’ म्हणजे करणं, ‘फाʻइ’ म्हणजे केळं. छापण्याआधी फलक सामोअन पालकांना दाखवाच.

उत्तर ३: माळेला सेलोफेनची सव्वा मीटर लांब, १० सेंटीमीटर रुंद पट्टी घ्या. लांब कडेला चार-चार सेंटीमीटरवर वेष्टनासकट गोळ्या ठेवून गुंडाळी करा, प्रत्येक दोन गोळ्यांमध्ये रिबिनीची दुहेरी गाठ मारा. गाठ सैल राहिली की गोळ्या घसरून तळाशी गोळा होतात. टोकं बांधण्याआधी माळ डोक्यातून जाते ना, पाहा. चॉकलेट वितळतं, दाण्यांची ॲलर्जी असते, दोन्ही टाळा.