सायीसारखा ऑफ-व्हाइट हवा, पण पिवळा दिसायला नको

जुळे_सोलापूर: हॉल १२ बाय १६, उंची १० फूट, पश्चिमेला मोठी खिडकी. बेडरूम १० बाय १२, उजेड फक्त उत्तरेचा. दोन्हीकडे शहाबादी फरशी. पेंटर म्हणतो, "आयव्हरी मारा, सगळीकडे चालतो." शेडकार्डवर सगळे ऑफ-व्हाइट सारखेच दिसतात. दोन्ही खोल्यांना एकच शेड चालेल का? रंग किती लागेल?

रंगपेटी: आयव्हरी त्या हॉलमध्ये नको. चार वाजल्यानंतर आपल्याकडचं ऊन केशरी होतं, त्यात पिवळा अंडरटोन, म्हणजे रंगात लपलेली छटा, जास्तच चढतो. शिवाय चारही भिंती एकमेकींवर रंग टाकतात, त्यामुळे कार्डावरच्या तुकड्यापेक्षा खोली नेहमी गडद वाटते.

अंडरटोन ओळखायला शेडचा तुकडा झेरॉक्सच्या कोऱ्या कागदावर ठेवा, खिडकीजवळ पण उन्हात नाही. पिवळा, गुलाबी, हिरवट की राखाडी, ते लगेच उघडं पडतं. तुम्हाला मातकट पिवळ्याकडे झुकणारा, पण त्यात चिमूटभर काळा किंवा तपकिरी असलेला हवा. तो थोडासा मळकेपणाच उन्हात पिवळा आवरतो. गुलाबी टाळा, शहाबादीच्या हिरवट करड्याशेजारी तो जास्तच गुलाबी दिसेल.

एलआरव्ही, म्हणजे रंग किती उजेड परत फेकतो तो आकडा, ७५ ते ८२ मध्ये बघा. ८५ च्या वर गेलात तर पश्चिमेच्या उन्हात पांढराच दिसेल. ७० च्या खाली बेडरूम अंधारेल. या पट्ट्यातली एक शेड दोन्हीकडे चालते.

हॉलच्या भिंती ५६० चौरस फूट, दारं-खिडक्या वजा जाता ४७० धरा. बेडरूम अंदाजे ३९०. चांगल्या पुट्टीवर प्रीमियम इमल्शनचे दोन हात लिटरला साधारण १२० चौरस फूट भरतात, म्हणजे सव्वासात लिटर. ४ लिटरचे दोन डबे घ्या, आणि दोन्ही एका बादलीत ओतून एकत्र ढवळा. मशीनवर केलेल्या दोन डब्यांतही बारीक फरक येतो आणि तो नेमका भिंतीच्या मध्यावर दिसतो. झाकणावरच्या कोडचा फोटो काढून ठेवा. साइटवर हाताने स्टेनर, म्हणजे बाटलीतला घट्ट रंग, घालणाऱ्याला नाही म्हणा. टचअपच्या वेळी तीच छटा परत जमत नाही.

ट्यूबलाइट: दिव्यांचं कुणी बोललंच नाही. केल्विन म्हणजे दिव्याच्या उजेडाच्या रंगाचा आकडा. ६५०० केल्विनच्या एलईडीखाली क्रीम रंग करडा आणि आजारी दिसतो, ३००० च्या एलईडीखाली कस्टर्डसारखा पिवळा. ४००० चे घ्या. आणि सॅम्पल जुन्या भिंतीवर मारू नका, आधीचा रंग डोळ्याला फसवतो. दोन बाय दोन फुटांच्या दोन हार्डबोर्डना पांढरा प्रायमर आणि शेडचे दोन हात द्या, कोपऱ्यात काटकोनात उभे करा. सकाळी, दुपारी एकला, पाचला आणि रात्री दिवे लावून बघा. मगच डबे.

पुट्टीवाला: शेड कितीही अचूक निवडा, खालचं काम कच्चं असेल तर डाग दिसणारच. व्हाइट सिमेंट पुट्टीआधी भिंत ओली करायची. इथल्या कोरड्या उन्हाळ्यात भिंत पुट्टीतलं पाणी पिऊन टाकते, मग हात फिरवला की पांढरी भुकटी येते. दोन हात पुट्टी, वाळल्यावर १८० नंबरचा घासायचा पेपर, मग ३२० चा, धूळ पुसून प्रायमर. प्रायमर वाचवलात तर पुट्टी कमी-जास्त शोषते आणि ऑफ-व्हाइटवर ढग उमटतात. पाणी डब्यावर लिहिलंय तेवढंच, पेंटरच्या अंदाजाने नाही.

पश्चिमेची भिंत सकाळीच उरकायची, पंखा बंद, मध्ये चहाला न थांबता. कड सुकली की रोलरचा जोड दिसतो, आणि संध्याकाळचं तिरकं ऊन तो लपवू देत नाही. त्यासाठीच फिनिश मॅट, म्हणजे बिनचमकीचं, घ्या.

रंगपेटी: फक्त मॅट म्हणाल तर स्विचबोर्डाभोवती हाताचे डाग बसतील. धुता येणारं मॅट मागा, थोडं महाग पडतं.

जुळे_सोलापूर: छत आणि चौकटी?

पुट्टीवाला: छताला त्याच शेडचा अर्धा फॉर्म्युला, दुकानदाराला सांगितलं की करून देतो. चौकटींना शुभ्र ऑइलपेंट नको. त्याच्या शेजारी तुमची नवी भिंत मळलेली वाटेल, आणि ऑइलपेंट उजेड नसलेल्या कोपऱ्यात काही वर्षांत स्वतःच पिवळा पडतो. सागवानी असतील तर पॉलिश, नाहीतर भिंतीचीच शेड पाण्यावरच्या इनॅमलमध्ये.